आधी तिची तब्येत, मग तुमचं नातवंड

मागच्या मे महिन्यात राहुरीकडे एका वलीम्याला गेले होते. जेवणं चालू होती, बायकांच्या बाजूला नेहमीसारखा गोंगाट. तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी हात धरून मला मागच्या खोलीत घेऊन गेली. पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत सोनोग्राफीचा एक रिपोर्ट, वर्षापूर्वीचा थायरॉइडचा एक रिपोर्ट आणि एक नवी कोरी चिठ्ठी. चिठ्ठीवर लेट्रोझोल नावाची गोळी, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस.

"आपा, उद्यापासून सुरू करायची आहे. करू का?"

मी डॉक्टर नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. पण रिपोर्ट वाचता येतो. थायरॉइडच्या रिपोर्टवर टीएसएच 11.8 होतं. साधारण चारच्या आत असायला हवं. मी विचारलं, "थायरॉइडची गोळी चालू आहे ना?"

"ती बंद केली. सास बोल्या, दो-दो दवा एकसाथ नक्को, गरमी होती. थायरॉइड का बाद में देखेंगे, पैले औलाद की दवा ले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"आणि नवऱ्याची तपासणी?"

ती हसली. "त्यांना काय झालंय?"

त्या हसण्यावर मला रागवायचा हक्क नव्हता. कारण ही मुलगी नववीत माझ्या वर्गात होती, तेव्हाही तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. वर्गात पेंगायची, केस गळायचे, मानेवर काळी रेघ होती. तिची अम्मी शाळेत येऊन मला म्हणाली होती, "आपा, आप पढेलिखे हैं, क्या करना?" आणि मी, बी.एड. झालेली, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी, काय म्हणाले? "लग्न झालं की होईल ठीक." हे वाक्य मी एकदाच बोललेले नाही. किती आयांना बोलले असेन, ते अल्लाहलाच ठाऊक. हा लेख त्या वाक्याची माफी आहे, आणि त्याच वाक्याविरुद्ध भांडणही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या घरांत बाईच्या शरीरातला हार्मोनचा बिघाड दहा-दहा वर्षं आजार म्हणून मोजला जात नाही. लग्नानंतर वर्षभरात मूल झालं नाही, की मगच तो आजार होतो. तेव्हा पैसे निघतात, गाडी निघते, सावेडीतला मोठा दवाखाना आठवतो. पण तेव्हाही इलाज तिचा होत नाही, रिकाम्या पाळण्याचा होतो. मूल होण्याची गोळी सुरू होते आणि जिच्या पोटात ती गोळी जाते तिची तब्येत मागेच राहते. हे उलटं आहे. नातवंड हवं असेल तरी उलटं आहे, नको असेल तरी उलटंच आहे.

आधी आजार समजून घेऊ. ज्याला आपण सगळे पीसीओडी म्हणतो, तो या वयाच्या साधारण दहा बायकांत एकीला असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला तो आहे हे माहीतही नसतं. अंडाशयात बीज तयार होण्याचं, सुटण्याचं चक्र बिघडतं, पुरुषी हार्मोन वाढतं, हनुवटीवर केस येतात, पाळी लांबते. बऱ्याच जणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मानेवरची ती काळी रेघ आपण मळ समजून घासत बसतो, ती या इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असते. पुढे साखरेचा आजार, रक्तदाब, पाळी महिनोन्‌महिने न आल्याने गर्भाशयाच्या अस्तराची वाढ, हे सगळं या वाटेवर आहे. मूल होवो न होवो, हे धोके राहतातच. म्हणजे हा 'मूल न होण्याचा आजार' नाही. मूल न होणं हे त्याचं एक लक्षण आहे, आणि तेही सगळ्यांत नसतं.

थायरॉइडची गोष्ट आणखी सरळ आहे. गळ्यातली ती ग्रंथी कमी काम करू लागली की पाळी बिघडते, बीज सुटत नाही, अंग जड होतं, मन उदास राहतं. थायरॉइड फार कमी असेल तर दूध आणणारं प्रोलॅक्टिन हार्मोनसुद्धा वाढतं, आणि तेही बीज अडवतं. म्हणूनच पीसीओडीचं निदान करण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून बाजूला काढायचे, असा वैद्यकशास्त्राचाच नियम आहे. नुसत्या सोनोग्राफीत 'बारीक गाठी' दिसल्या म्हणून पीसीओडी ठरत नाही. आता माझ्या विद्यार्थिनीचा विचार करा. तिच्या बाबतीत कदाचित थायरॉइडची ती साधी गोळीच मूल होण्याची गोळी ठरली असती. सासूबाईंनी नेमकी तीच बंद करून दुसरी हातात दिली.

मी त्या दुसऱ्या गोळीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. या गोळ्यांनी कितीतरी घरांत उजेड आणला आहे. बीज तयार व्हावं म्हणून क्लोमिफिन नावाची गोळी अमेरिकेत 1967 पासून मान्य आहे. लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कर्करोगावरचं औषध. आपल्या सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये वंध्यत्वासाठी तिचा वापर थांबवला होता, 2017 मध्ये ती बंदी उठवली. मधल्या काळात, 2014 साली, अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पीसीओडीच्या 750 बायकांना जास्तीत जास्त पाच पाळ्यांपर्यंत यातली एक किंवा दुसरी गोळी दिली. लेट्रोझोल घेणाऱ्यांत 27.5 टक्के बायकांना जिवंत बाळ झालं, क्लोमिफिन घेणाऱ्यांत 19.1 टक्क्यांना. तेव्हापासून जगभरात लेट्रोझोल ही पहिली पसंती झाली आहे.

आता हे आकडे जरा थांबून वाचा. चांगली गोळी, चांगले डॉक्टर, पाच पाळ्यांपर्यंत उपचार, आणि तरी चारातल्या जवळजवळ तिघींना तेवढ्या काळात बाळ झालं नाही. आपल्याकडे काय होतं? दुसऱ्या महिन्यात पाळी आली की घरात सुतक. "इतना पैसा डाला, फिर भी नई हुआ." तिसऱ्या महिन्यात डॉक्टर बदलतो. चौथ्या महिन्यात नणंदेच्या तोंडून दुसऱ्या लग्नाचा विषय निघतो. गोळीला पाच महिने देत नाही, बाईला मात्र आयुष्यभराचा शिक्का देतो.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. त्या 750 बायका अशाच रांगेतून उचललेल्या नव्हत्या. हार्मोनचे दुसरे विकार आधी तपासून वगळले होते. निदान एक गर्भनलिका उघडी आहे ना, हे पाहिलं होतं. आणि नवऱ्याच्या वीर्यात पुरेसे शुक्राणू आहेत ना, हेही पाहिलं होतं. एवढं सगळं आधी, मग गोळी. ते 27.5 टक्के त्या तयारीनंतरचे आहेत. आपण तयारी वगळतो आणि निकाल मात्र तोच मागतो. परीक्षेचा अभ्यास न करता पास व्हायचा हट्ट धरणारी पोरं मी रोज बघते. त्यांना मी छडीचा धाक दाखवते. या मोठ्या माणसांना कोणता धाक दाखवू?

तयारी म्हणजे काय, ते माझ्यासारख्या सामान्य बाईला समजलं तेवढं सांगते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी. साखरेची तपासणी, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीचीही. रक्तदाब, हिमोग्लोबिन. आधीपासून चालू असलेल्या प्रत्येक गोळीची डॉक्टरांना माहिती, मग ती रक्तदाबाची असो, फेफऱ्याची असो की मेडिकलवाल्याने दिलेली असो. कारण रक्तदाबाच्या आणि फेफऱ्याच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, गर्भ राहण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. फोलिक ॲसिडची गोळी आधीपासून. आणि नवऱ्याची तपासणी.

हे सगळं कशासाठी? गोळीने गर्भ राहिला आणि आईचं थायरॉइड तसंच बिघडलेलं असलं, तर गर्भपाताचा धोका वाढतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूला लागणारं थायरॉइड हार्मोन आईकडूनच येतं, बाळाची स्वतःची ग्रंथी तेव्हा तयार नसते. साखर वाढलेली असताना गर्भ राहिला, तर बाळाच्या हृदयात, मणक्यात दोष राहण्याचा धोका वाढतो. हे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, कित्येकदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याआधी. तेव्हा "आधी औलाद, मग थायरॉइड" म्हणणारी सासू सुनेवरच नाही, आपल्या नातवंडावरही अन्याय करते. तिला ते माहीत नाही. पण जो डॉक्टर पाच मिनिटांत चिठ्ठी लिहितो, त्याला माहीत असतं.

त्या डॉक्टरबद्दलही दोन शब्द. आपल्याकडचे सुधारक नेहमी म्हणतात, ताईत-गंडे सोडा, डॉक्टरकडे जा. बरोबर आहे. पण डॉक्टरकडे गेलं म्हणजे झालं असं नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यांसाठी 2021 मध्ये केंद्राने कायदा केला. नोंदणी आली, नियम आले. पण तो कायदा बीज किंवा शुक्राणू शरीराबाहेर हाताळण्यापुरता आहे. नुसत्या गोळ्या देण्याला तो लागू नाही. त्यामुळे तालुक्याच्या गावात कोणीही, कधीकधी डॉक्टर नसलेलाही, ही गोळी हातात ठेवतो. मागे सोनोग्राफीने बीज मोजणं नाही, पुढे काय करायचं ते सांगणं नाही. जुळं राहू शकतं हे कोणी सांगत नाही. मग आपणच विचारायला शिकलं पाहिजे. डॉक्टर, ही गोळी का? माझं बीज सुटत नाही हे कशावरून? किती पाळ्या घ्यायची? नाही लागू पडली तर पुढे काय? थायरॉइडची चालू ठेवू ना? जो डॉक्टर या प्रश्नांवर चिडतो, तो बदला.

आता नवऱ्याच्या तपासणीकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कमतरता असते, एकट्याची किंवा दोघांची मिळून. त्याची पहिली तपासणी सगळ्यात सोपी आहे. सुई नाही, भूल नाही, काही शे रुपयांत आणि एका दिवसात होते. तरी ती सगळ्यात शेवटी होते, किंवा होतच नाही. बाईला आधी चार वेळा सोनोग्राफीला झोपवायचं, नळ्या तपासायच्या, गोळ्या, इंजेक्शनं, मिरावलीच्या पहाडावर मन्नत, कोणी सांगितलं म्हणून काढे. आणि त्याला एक डबी हातात घ्यायला लाज वाटते. याला मर्दानगी म्हणायचं?

मला इथे आपल्याच नगरची आठवण होते. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायला याच शहरात, सिंथिया फरार बाईंच्या शाळेत आल्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. घरच्यांनी जोतीरावांच्या मागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला. चरित्रकार सांगतात की जोतीरावांनी नकार दिला, आणि मूल नाही म्हणून बाईलाच वांझ ठरवणं अन्यायाचं आहे, दोष पुरुषातही असू शकतो, असं घरच्यांना सुनावलं. वीर्य तपासणारी प्रयोगशाळा नव्हती तेव्हाचा हा माणूस आहे. पुढे या दोघांनी यशवंतला दत्तक घेतलं, तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. त्या बाईचं आयुष्य अपुरं होतं असं कोणी म्हणेल का?

कोणी म्हणेल, आपा, हे झालं फुल्यांचं, आपल्यात काय? आपल्यात हजरत आयेशा (रजि.) आहेत. त्यांना मूल नव्हतं. तरी त्या साऱ्या मोमिनांच्या आई आहेत. दोन हजारांवर हदीसा त्यांच्या नावाने आपल्यापर्यंत आल्या, मोठमोठे सहाबा त्यांना मसले विचारायला यायचे. आपण मुलींची नावं हौसेने आयेशा ठेवतो आणि मूल नसलेल्या सुनेला बारशा-अकीक्यात पुढे येऊ देत नाही. सूरह शूरामध्ये स्पष्ट आलं आहे की मुली, मुलगे, दोन्ही, किंवा काहीच नाही, हे देणं अल्लाहच्या हाती आहे. त्यात सुनेच्या कसुराचा उल्लेख कुठे आहे, तो मला दाखवा.

आणि रोजाचं. रमजान आला की थायरॉइडची गोळी पहिली सुटते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी, रोजात कशी घेणार? सहरीच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर घेता येते, किंवा रात्री जेवणानंतर तीन-एक तासांनी, झोपताना. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून तिला चार तास लांब ठेवायचं, एवढंच. डॉक्टरांना विचारलं तर ते वेळ बसवून देतात. आणि आजारी माणसाला रोजाची सवलत कुराणानेच दिली आहे, सूरह बकराच्या 185 व्या आयतीत. अल्लाहने दिलेली सवलत सासूने काढून घेऊ नये.

दोन आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, "तपासण्यांत वेळ गेला तर वय निघून जाईल." वयाची गोष्ट खोटी नाही. पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून डॉक्टरकडे जावं, त्याआधी वर्षभर. ज्यांची पाळीच येत नाही त्यांनी तर वर्षही थांबू नये. पण थायरॉइडची गोळी सुरू करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. दोन महिने! नववीपासून लग्नापर्यंत वाया घालवलेल्या वर्षांचा हिशोब कोणी मागत नाही, आणि या दोन महिन्यांची घाई.

दुसरा आक्षेप पैशाचा. तोही खरा आहे. आपल्यात हातावर पोट असणारी घरं जास्त. पण रक्ताच्या या तपासण्या त्या काढ्यांपेक्षा, त्या फेऱ्यांपेक्षा महाग नाहीत. मी हिशोब घातला आहे, माझ्या विद्यार्थिनीच्या घराने दोन वर्षांत बाकीच्या उपायांवर जेवढं घातलं, त्यात दोघांच्या सगळ्या तपासण्या कितीदा तरी झाल्या असत्या. आणि जिल्हा रुग्णालय आपल्याच करातून चालतं, तिथे जाऊन विचारायला लाज कसली?

"वजन कमी कर" हा सल्ला मात्र सगळे फुकट देतात. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरवल्याने पाळी सुधारू शकते, हे खरं. पण बारीक मुलींनाही पीसीओडी असतो. आणि ज्या सुनेला सकाळी एकटीने फिरायला जायची परवानगी नाही, जी सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात खाते, तिने वजन उतरवायचं कुठे? तिच्याबरोबर सकाळी अर्धा तास चाला. सासूबाई, तुम्हालाही साखर आहे, दोघींना फायदा होईल.

शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्यांनी सगळा देश हादरला होता. आपल्या पाथर्डी-शेवगावच्या बायाही त्याच फडांवर जातात. तिथे पिशवी कामाला आड येते म्हणून काढायची, इथे पिशवी फळ देत नाही म्हणून औषध फवारायचं. दोन्हीकडे ती बाई कुठे आहे?

त्या दिवशी मी माझ्या विद्यार्थिनीला गोळी घे असंही म्हणाले नाही, नको घेऊस असंही नाही. थायरॉइडची बंद केलेली गोळी आणि हे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेव, नवऱ्याला बरोबर ने, आणि ते सांगतील तेव्हाच नवी गोळी सुरू कर, एवढं म्हणाले. घरात भांडण झालं. नवरा आधी चिडला, मग गेला. आज तिची थायरॉइडची गोळी चालू आहे, दिवसा झोप येत नाही म्हणते. शिवणाचा क्लास पुन्हा सुरू केला आहे. दोघांचे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये आहेत. हे तिला विचारूनच लिहिलं आहे. मूल झालं का, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे.

मी माझ्यापुरतं एक सुरू केलं आहे. आठवी-नववीच्या मुलींना वहीच्या शेवटच्या पानावर पाळीची तारीख लिहायला सांगते. तीन महिने आली नाही, किंवा वर्षात आठ वेळाही येत नसली, तर अम्मीला बोलावते. आता मी "लग्न झालं की ठीक होईल" म्हणत नाही. "लग्नाआधी, आत्ता दाखवा" म्हणते. काही अम्मी रागावतात, बदनामी होईल म्हणतात. रागावू देत. तुमच्या घरातही अशी एखादी मुलगी असेल, पेंगणारी, केस गळणारी, पाळी लपवणारी. तिचा निकाह ठरण्याची वाट पाहू नका.